आप्पांच्या डॉजचं घड्याळ: आठ महिने, दोन कॉइल आणि एक टक्

आमच्याकडे १९५४ ची डॉज किंग्जवे आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती १९६२ साली सेकंडहँड घेतली, आणि तेव्हापासून ती माटुंग्याला आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये त्याच आंब्याखाली उभी असते. गाडी अमेरिकन असली तरी जोडलेली कुर्ल्याची, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरच्या कारखान्यातली, त्यामुळे बाबा तिला परदेशी म्हणू देत नाहीत. इंजिन चांगलं आहे, साइड वॉल्व्ह सिक्स सिलिंडर, आवाज अजून मऊ. पण डॅशबोर्डवरचं घड्याळ मला कळायला लागल्यापासून सव्वासातवर थांबलेलं. ते गेल्या वर्षी जूनमध्ये दुरुस्तीला काढलं आणि या फेब्रुवारीत चालू झालं. मला सुरुवातीला कुणीच नीट सांगत नव्हतं की हे होऊ शकतं का, कुठे न्यायचं, किती लागतील, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

सुरुवात बाबांच्या एका वाक्यावरून झाली. बाबा ७८ वर्षांचे आहेत. पावसाच्या आधी गाडीला कव्हर घालत होतो तेव्हा ते म्हणाले की लहानपणी लोणावळ्याहून येताना मी मागच्या सीटवर आडवा व्हायचो, सगळे गप्प असायचे, आणि गाडी खंडाळ्याला थांबली की दर दीड-दोन मिनिटांनी पुढून टक् असा आवाज यायचा, घड्याळाचा, तो मोजता मोजता मला झोप लागायची. मी हे कधी ऐकलंच नव्हतं. घड्याळ सेकंदाला टिकटिक करतं, दोन मिनिटांनी टक् कसं करेल, मला वाटलं त्यांची आठवण गडबडली असेल. नव्हती गडबडली. ते पुढे येतंच.

१५ जून, शनिवार, घड्याळ बाहेर काढलं. पहिलं काम बॅटरीचं टर्मिनल काढणं, हे विसरू नका, कारण या घड्याळाची वायर इग्निशनवरून जात नाही, किल्ली काढली तरी तिच्यात करंट असतो. मग ड्रायव्हर सीट पूर्ण मागे सरकवून, उशी घेऊन पाठीवर झोपायचं आणि टॉर्च तोंडात धरून डॅशच्या मागे हात घालायचा. मागे एक पट्टी होती, दोन नट, हाताने सुटतील असे, पण गंजले होते म्हणून आधी स्प्रे मारून अर्धा तास थांबले. दोन वायरी, एक घड्याळाची आणि एक बल्बची. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, वायरींना रंगीत टेप लावा, सत्तर वर्षांत सगळ्या वायरी एकाच रंगाच्या झालेल्या असतात.

आणि तिथे एक गोष्ट सापडली. घड्याळाच्या वायरीत काचेचा छोटा फ्यूज असतो, तो उडालेला होता आणि त्याच्यावर कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती. म्हणजे फ्यूज असून नसल्यासारखा. बाबांना दाखवलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ९६ साली गाडी बारा व्होल्टची करून घेतली होती, त्याच पावसाळ्यात एकदा गाडीत जळका वास आला होता.

हे बारा व्होल्टचं जरा समजावून सांगते कारण सगळं त्यावरच आहे. ५५ सालापर्यंतच्या क्रायसलर कंपनीच्या गाड्या, म्हणजे डॉज, प्लिमथ, डिसोटो, सगळ्या सहा व्होल्टच्या आणि वर पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. ५६ पासून बारा व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ आलं. आपल्याकडे सहा व्होल्टची मोठी बॅटरी मिळणं अवघड झालं तसं खूप जणांनी गाड्या बारावर नेल्या. तेव्हा बल्ब बदलले, इग्निशन कॉइल बदलली, फ्यूएल गेजला व्होल्टेज कमी करणारा रिड्युसर लावला, घड्याळ मात्र तसंच जोडलं. घड्याळात तारेची एक गुंडाळी असते, कॉइल, त्या सहा व्होल्टच्या कॉइलला बारा दिले की करंट दुप्पट आणि उष्णता चौपट. तुमची गाडी कन्व्हर्ट केलेली असेल आणि घड्याळ बंद असेल तर आधी हेच बघा.

पुढचा महिना वाया गेला. एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेलं, त्याने टेबलावर बॅटरीला थेट दोन वायरी लावून बघितलं, थोडा धूर आला आणि तो म्हणाला मशीन गेलं. तपासायचे ३०० रुपये. तो धूर बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण जे काही उरलं असेल तेही गेलं असं वाटलं. बंद घड्याळ थेट बॅटरीला लावून बघू देऊ नका, मी दिलं. मग दादर आणि फोर्टमधली चार घड्याळांची दुकानं झाली. दोघांनी हातात घेतलं नाही, दोघे म्हणाले आतलं सगळं काढून सेलवरचं क्वार्ट्झ मशीन बसवून देतो, बाराशे-पंधराशेत होईल, काटे तेच राहतील. वाईट सल्ला नव्हता तो. ज्याला फक्त वेळ बघायची आहे त्याच्यासाठी सोपं आहे. पण मला तो टक् ऐकायचा होता.

अमेरिकेत अशी घड्याळं दुरुस्त करणारे लोक आहेत, त्यांना पाठवायचाही विचार केला आणि त्याचे कागद बघितले. दुरुस्तीला पाठवलेली वस्तू परत येते तेव्हा ती तीच आहे हे सिद्ध करता आलं आणि तीन वर्षांच्या आत आली तर कस्टम ड्युटी पूर्ण किमतीवर लागत नाही, दुरुस्तीचा खर्च अधिक जाण्या-येण्याचं भाडं आणि विमा यावरच लागते. पण त्यासाठी पाठवतानाच कागदावर दुरुस्तीसाठी असा स्पष्ट उल्लेख हवा, नंबर, फोटो, सगळं नोंदवलेलं हवं, केवायसी वेगळं. कुरिअरवाल्यांकडून दोन वेळा दोन वेगवेगळे आकडे आले आणि दोन्हीत नेण्या-आणण्याचाच खर्च दुरुस्तीपेक्षा जास्त निघाला. शिवाय वाटेत हरवलं तर दुसरं कुठून आणणार. सोडून दिलं. तुम्ही पाठवणार असाल तर ते पहिले कागद घाईत करू नका, सगळं त्यावर अडतं.

२६ जुलैला रजा टाकून चोर बाजारात गेले, मटण स्ट्रीटवर, एखादं तसंच घड्याळ मिळतंय का बघायला. शुक्रवार होता. जुन्या वस्तूंची ती दुकानं शुक्रवारी बंद असतात. पाऊस पण होता. एका बंद शटरसमोर चहा पीत बसलेल्या चाचांनी विचारलं काय शोधताय, त्यांना फोटो दाखवला तर म्हणाले, ‘बेटा, कल आना, दोपहर के बाद.’ शनिवारी परत गेले आणि त्यांच्याच ओळखीच्या दुकानात अमेरिकन गाडीचं एक घड्याळ मिळालं, दुसऱ्या मेकचं, काच फुटलेली, पण आतली रचना तशीच. साडेतीन हजार सांगितले, दीड हजाराला दिलं. या घड्याळातला एक बारीकसा भाग पुढे फार उपयोगी पडला, म्हणून ज्यांना जागा आहे त्यांनी असा मोडका जोडीदार घेऊन ठेवावा.

ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी गिरगावातल्या एका घड्याळजी काकांचं नाव सुचवलं. एका चाळीच्या जिन्याखाली त्यांचं टेबल आहे, त्यावर काचेची पेटी, डोळ्याला भिंग. काकांनी घड्याळ कानाला लावलं, हलवलं, आणि पहिलं वाक्य म्हणाले, ‘हे विजेचं घड्याळ नाही बाळ, हे चावीचं आहे. बॅटरी फक्त चावी देते.’

मला हे तोपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. आत साधं स्प्रिंगवरचं मशीन असतं, बॅलन्स, हेअरस्प्रिंग, सगळं टेबलावरच्या गजराच्या घड्याळासारखं. फक्त स्प्रिंग अगदी छोटी, दीड-दोन मिनिटं पुरेल एवढीच. ती उतरत आली की तिचा दांडा खाली येऊन एका पॉइंटला, म्हणजे धातूच्या बारीक टोकाला टेकतो, सर्किट पूर्ण होतं, कॉइलमध्ये करंट येतो, कॉइल दांड्याला जोरात मागे फेकते, स्प्रिंग पुन्हा भरते आणि पॉइंट सुटतात. एवढं सगळं एका क्षणात. तोच बाबांचा टक्.

आणि ते बिघडतं पण तिथेच. दांडा फेकायला जोर लागतो. बॅटरी उतरलेली असेल तर कॉइल ओढते पण दांडा पूर्ण जात नाही, पॉइंट चिकटलेले राहतात, आणि क्षणभरासाठी बनवलेल्या कॉइलमधून करंट वाहतच राहतो. कॉइल तापते, वार्निश जळतं, संपलं. मुंबईत गाड्या जून ते सप्टेंबर कव्हरखाली उभ्या असतात, बॅटरी हळूहळू उतरते आणि घड्याळ त्या मरत्या बॅटरीवर शेवटपर्यंत प्रयत्न करत राहतं. आमच्याकडे पॉइंट आधीच दुप्पट व्होल्टेजने जळून खडबडीत झालेले होते, वर फ्यूजला चांदी. काकांनी भिंगातून मला ते पॉइंट दाखवले, काळे, एकाला खड्डा आणि दुसऱ्याला टेंगूळ.

काका म्हणाले मशीन मी करतो, कॉइल तुम्ही भरून आणा, मला ते काम येत नाही. एवढं स्पष्ट सांगणारा माणूस भेटला की अर्धा ताण जातो. मशीनचे त्यांनी २२०० सांगितले, मी घासाघीस केली नाही.

उघडणं मी त्यांच्यासमोर बसून बघितलं. समोरची स्टीलची रिंग मागे दाबून बसवलेली असते, स्क्रू नसतात. काकांनी बोथट पात्याने तिची कड एका जागी जेमतेम मिलिमीटरभर उचलली, मग शेजारी, मग पुढे, असे चार फेरे, पाऊण तास. एकाच जागी जोर लावला तर रिंग दुमडते आणि ती परत गोल होत नाही. काटे काढताना डायलवर कागद ठेवून दोन्ही बाजूंनी सारखं उचललं. आणि एक महत्त्वाचं त्यांनी सांगितलं, आमच्या घड्याळात अंधारात चमकणारा रंग नाही, पण तुमच्यात असेल तर खरवडू नका, फुंकर मारू नका, त्या काळच्या चमकणाऱ्या रंगात रेडियम असायचं.

कॉइल भरायला पंखे-मोटारी भरून देणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये गेले, ग्रँट रोडच्या बाजूला. भाई आधी नको म्हणाले, एवढं छोटं काम कोण करणार, मग फोटोतली गाडी बघून बसायला स्टूल दिलं. जुनी तार उलगडून वेढे मोजायचे होते. मध्येच जळून चिकटलेली, चार ठिकाणी तुटली, मी वहीत दहा-दहाच्या रेघा मारत होते आणि भाई उलगडत होते. मायक्रोमीटरवर तार भरली साधारण ०.४५ मिलिमीटर, म्हणजे २६ गेज.

मी घरून ठरवून गेले होते की सहा व्होल्टचीच भरायची आणि बाहेर रेझिस्टर लावायचा. कॉइलच्या रेझिस्टन्सइतकाच वायरवाउंड रेझिस्टर सिरीजमध्ये लावला की व्होल्टेज निम्मं वाटलं जातं, तेही चालतं. पण भाईंनी विचारलं, गाडी परत सहावर नेणार आहात का? नाही. मग बाराचीच भरू, तार निम्म्या जाडीची, वेढे दुप्पट. निम्मी जाडी म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ निम्मं, व्यास ०.७ पट, तर ३० गेज, ०.३१५ ची तार. करंट निम्मा, वेढे दुप्पट, ओढायचा जोर तोच, आणि जागाही जवळपास तेवढीच लागते. मी इतिहास शिकलेली बाई, बँकेत काम करते, पण त्या स्टुलावर बसून हे समजलं तेव्हा इतका आनंद झाला की घरी येऊन बाबांना कागदावर काढून दाखवलं.

पहिली कॉइल मात्र फसली. भाईंच्या मुलाने भरली, वेढे एकावर एक वेडेवाकडे गेले, पोट फुगलं आणि दांडा कॉइलला घासायला लागला. परत उलगडून भाईंनी स्वतः हाताने ओळीने भरली, त्यात गणपती आले, वर्कशॉप दहा दिवस बंद, आणि दुसरी कॉइल मिळाली २८ सप्टेंबरला. दोन्ही मिळून ५५० रुपये, पहिलीचे ते घेतच नव्हते, मी दिले.

मला दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, गाडीची पूजा करताना घड्याळ चालू हवं होतं. झालं नाही. पॉइंट घासून साफ केले तर उरलेच नसते एवढे पातळ झाले होते, शेवटी काकांनी चोर बाजारच्या घड्याळातले पॉइंट काढून आमच्यात बसवले. त्याला दिवाळी उलटून गेली. दसऱ्याला झेंडूची माळ घातलेल्या गाडीच्या डॅशमध्ये भोक होतं, बाबांनी त्या भोकालाही हळद-कुंकू लावलं.

मध्ये आरटीओ आलं. आरसी जानेवारीत संपत होती, आणि एवढ्या जुन्या गाडीची दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. फॉर्म २५, तो मुदत संपायच्या आधी ६० दिवसांच्या आतच भरता येतो, त्याच्या आधी नाही. सोबत इन्शुरन्स, पीयूसी, पर्यावरण कर, आणि गाडी प्रत्यक्ष न्यायची. १२ डिसेंबरची तारीख मिळाली. डॅशच्या लोंबणाऱ्या वायरी बघून प्रश्न येईल म्हणून आदल्या रात्री दोन्ही टोकं नीट टेपने बांधली आणि भोकावर काळा पुठ्ठा कापून लावला. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतला, लाइट, हॉर्न, ब्रेक, स्पीडोमीटर बघितलं. साहेबांनी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं, मी सांगितलं घड्याळ दुरुस्तीला आहे, ते म्हणाले झालं की फोटो दाखवा. आरसीची तारीख जवळ असेल तर डॅश उघडायचं काम एक तर आधी संपवा नाहीतर नंतर काढा, दोन्ही एकत्र आलं की झोप उडते.

जानेवारीत घड्याळ घरी आलं, पण गाडीत लगेच बसवायचं नाही, आठ दिवस टेबलावर चालवा, असं काकांनी बजावलं होतं. आणि उभं ठेवून चालवा, गाडीत असतं तसं, कारण आडवं ठेवलं की वेग बदलतो. मी बुटाच्या खोक्याला गोल भोक पाडून त्यात उभं केलं, बारा व्होल्टच्या सप्लायवर. त्याआधी लॅमिंग्टन रोडवरून १६० रुपयांत एवढं आणलं होतं, वन एन फोर झिरो झिरो सेव्हन डायोड, काचेचे स्लो ब्लो फ्यूज आणि फ्यूज होल्डर. डायोड कॉइलच्या दोन टोकांमध्ये आडवा लावायचा, पट्टी असलेलं टोक प्लसकडे, त्याने पॉइंट सुटताना उडणारी ठिणगी मरते आणि पॉइंट टिकतात. तुमची गाडी अजून पॉझिटिव्ह अर्थ असेल तर बॉडीकडची बाजू प्लस असते हे लक्षात ठेवा, उलटा लागला तर थेट शॉर्ट.

फ्यूजचं पण सांगते कारण यात मी बरेच दिवस अडकले होते. अडकलेल्या कॉइलमधला करंट आणि नेहमीच्या झटक्यातला करंट सारखाच असतो, त्यामुळे मोठा फ्यूज लावला तर कॉइल जळून जाईल तरी तो उडणार नाही. म्हणून स्लो ब्लो, आणि तोही कॉइलच्या करंटपेक्षा कमी रेटिंगचा. क्षणभराचा झटका तो सहन करतो, पण पॉइंट चिकटून राहिले की काही सेकंदांत उडतो. काकांसमोर सप्लाय कमी करत नेला, नऊ व्होल्टच्या आसपास दांडा अर्ध्यावर अडकला, आम्ही सगळे श्वास रोखून बसलो, आणि फ्यूज उडाला. तेव्हा पहिल्यांदा मला घड्याळाबद्दल निश्चिंत वाटलं.

पहिल्या दिवशी चौदा मिनिटं पुढे गेलं. मागे एफ आणि एस लिहिलेला बारीक काटा असतो, फास्ट आणि स्लो, तो केसाएवढा हलवायचा आणि चोवीस तास थांबायचं, लगेच परत हात लावायचा नाही. पाच-सहा दिवसांत रोज दोन मिनिटं मागे एवढ्यावर आलं, काका म्हणाले आता सोडा, गाडीच्या घड्याळाला एवढं पुरे. रात्री हॉलमधून टक् ऐकू यायचं. आई पहिल्या रात्री दोनदा उठून बघायला गेली की काय पडलं.

२२ फेब्रुवारी, शनिवारी दुपारी बसवलं. बॅटरी आदल्या दिवशी पूर्ण चार्ज केली. टर्मिनल जोडताना एका झटक्यात, घट्ट लावायचं, ठिणग्या उडवत अर्धवट टेकवायचं नाही. बॅटरीला कट-ऑफ स्विच लावलाय, ४०० रुपये, पावसाळ्यात तो बंद असेल आणि घड्याळही तेवढे महिने बंद राहील, ते चालेल. एकूण खर्च इलेक्ट्रिशियन ३००, चोर बाजार १५००, काका २२००, कॉइल ५५०, सुटं सामान १६०, स्विच ४००, म्हणजे ५११०, त्यात टॅक्सी आणि रजा धरलेल्या नाहीत.

बाबांना बोलावलं. ते पुढे बसतील असं वाटलं होतं, पण मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसले आणि दार लावून घेतलं. मी पुढे. कंपाउंडमध्ये पोरांचं क्रिकेट चाललं होतं, त्यांना जरा लांब जायला सांगितलं. टक् झालं. मागून काही आवाज नाही. परत दीड-पावणेदोन मिनिटांनी टक्. तिसऱ्यांदा झालं तेव्हा बाबा म्हणाले, ‘दोन मिनिटं मागे आहे ना? राहू दे, मी रोज सकाळी येऊन लावत जाईन.’ तेव्हापासून रोज सकाळी दूध घ्यायला खाली उतरले की आधी गाडीत जाऊन बसतात.